आठ दिव्यांचा बोर्ड

सुखदेव, बोर्डामागच्या वायरी मी बदलल्या होत्या. दोन दसऱ्याच्या दिवशी आणि दोन त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसचं दार लोटून घेऊन. एवढं वाक्य तुझ्यासमोर बोलायला मला दहा वर्षं मिळाली होती. ती मी घालवली, आणि आता तू ऐकायला नाहीस तेव्हा मला ते न अडखळता येतं आहे.

मागच्या आठवड्यात वलगावहून पुतण्या आला. पिशवी खाली ठेवता ठेवताच म्हणाला, "काका, अमरावतीचे सुखदेवकाका गेले." मी चहा पीत होतो. खरं सांगतो, मला आधी दुःख झालंच नाही. आधी राग आला. तुझाच. म्हटलं, याला एवढी काय घाई होती? दिवाळीला मी जाणारच होतो, या खेपेला बोलणारच होतो. मग आठवलं की मी हे मागच्या दिवाळीला म्हटलं होतं आणि त्याच्या मागच्याही.

आपण दोघं वलगावच्या एका शाळेत. तू माझ्या पुढे, पण लांब, दाराशी बसायचास. का ते तेव्हा कुणी विचारत नव्हतं, मीही नाही. पुढे तू अकोल्याच्या कापसाच्या जिनमध्ये तेलवाला म्हणून लागलास, बघता बघता फिटर झालास, आणि कारकुनाची जागा निघाली तेव्हा गावी येऊन मला सांगणारा तूच. "अर्ज लिहिता येते ना तुले? मंग लिही. शेतात तुह्या हातून काई होत नाई, हे साऱ्या गावाले माहीत हाये." त्या अर्जावर माझं घर उभं राहिलं. जिनमध्ये लोकांसमोर तू मला 'बाबूजी' म्हणायचास आणि भोंगा झाला की फाटकाबाहेर 'नारायण्या'. तेवढ्या वीस पावलांत माझी बढती आणि बडतर्फी रोज व्हायची.

बोर्ड तुझी करामत. मोठं इंजिन जाऊन हॉलमधल्या प्रत्येक जिनला, सरकी काढायच्या यंत्राला, वेगळी मोटर बसली, तेव्हाची गोष्ट. मॅनेजरसाहेबांना रुईची धूळ सोसत नव्हती, ते वर हॉलमध्ये चढत नसत. खुर्चीत बसून त्यांना कळायला हवं होतं की वर कोणतं जिन चालू आहे आणि कोणतं बंद. तू आठही मोटरींपासून एकेक वायर खाली आणलीस, लाकडी फळीवर आठ दिवे बसवलेस आणि प्रत्येक दिव्याखाली खिळ्याला एकेक टिनाची पाटी अडकवलीस. सात पाट्यांवर आकडे, आठवीवर 'बियाणे'. सरकारी शेतावरच्या सुधारित कापसाची सरकी ज्या जिनवर काढायची त्यावर दुसरा कापूस चालवायचा नाही, नाहीतर सरकी भेसळीची होते आणि पुढच्या साली शेतकऱ्याच्या वावरात भलतंच उगवतं. ते जिन कधीही बदलावं लागलं असतं, म्हणून पाट्या रंगवलेल्या नव्हत्या, अडकवलेल्या होत्या.

एक, पाच, सहा, दोन, चार, सात, बियाणे, तीन. असा तुझा क्रम होता. वायरी ज्या ओळीनं खाली आल्या त्याच ओळीनं दिवे बसले. तीन नंबरचं जिन पार कोपऱ्यातलं, त्याचा दिवा शेवटी. आज मला हा क्रम झोपेतून उठवलं तरी म्हणता येतो. तेव्हा दोन वर्षं रोज त्या बोर्डासमोर बसून मी तो एकदाही पाहिला नव्हता.

छप्पन सालचा दसरा जवळ आला. तू टेबलापाशी येऊन म्हणालास, "चार दिवस नाई येत मी. नागपूरले चाललो. गया, पोरं, सारेच."

"खंडेनवमीले तू नाहीस? मंग मशीनची पूजा कोण करन?"

"तू कर. हात नाईत का तुले?"

"दरसाल तूच करतेस म्हणून म्हटलं."

"दरसाल करत होतो." मग बोर्डाकडे बोट करून, "एक ध्यानात ठेव. पाट्या उतरवू नको. जिथल्या तिथं कुंकू लाव."

"काहून? पाट्याईले काय झालं?"

"काई झालं नाई. होऊ नये म्हणून सांगून राहिलो."

मी हसलो. पण आत कुठेतरी मला ते लागलं होतं, हेही आज लिहून टाकतो. तू पूजेतून हात काढून घेतलास ते मला आपल्याच घरातून कुणी ताटावरून उठल्यासारखं वाटलं. दाराशी बसवलेल्या मुलानं उठून जायचं नाही, असं कुठल्या तोंडानं वाटलं, ते आता विचारू नकोस.

खंडेनवमीला मी पाट्या उतरवल्या. नुसत्या उतरवल्या नाहीत, चिंचेनं घासून लख्ख केल्या, परातीत मांडल्या, हळदकुंकू, फूल, सगळं यथासांग केलं. आणि परत लावताना लावल्या एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आणि शेवटी बियाणे. आकडे आणखी कसे लावायचे असतात? कारकुनाचा हात होता तो.

दसऱ्याला मुहूर्त झाला. नव्या कापसाचं पहिलं ओझं आलं, एका व्यापाऱ्याचं. तीन नंबरचं जिन सुरू केलं. खाली मॅनेजरसाहेब पेढा तोंडात टाकणार तोच थबकले. बोर्डावर एकच दिवा लागला होता, 'बियाणे'चा.

"नारायणराव, हे काय? पहिल्याच दिवशी बियाण्याच्या जिनवर व्यापाऱ्याचा माल?"

मी जिना चढून वर गेलो. बियाण्याचं जिन थंड, वर पोतं झाकलेलं. तीन नंबर चालू. खाली आलो, दिवा बियाण्याचा. पुन्हा वर गेलो. चौथ्या फेरीला द्वारकाबाई जिनमध्ये कापूस घालता घालता म्हणाली, "बाबूजी, आज दसऱ्याचं शिलंगण तुमी जिन्यावरच करून राहिले का?" सगळ्या बाया हसल्या. सरकारी माणूस कधीही तपासायला येई. त्यानं तो दिवा पाहिला तर बियाण्याचं काम जाईल, असं साहेब खालून ओरडून सांगत होते.

मी डोकं चालवलं. हंगामाआधी वायरी तू नव्या घातल्या होत्यास. म्हणजे घालताना अदलाबदल झाली. दुसरं काय असणार? पाट्यांचा विचार मनात आलाच नाही. पाट्या मी लावल्या होत्या. माझी सही असलेल्या कागदाकडे मी पुन्हा पाहत नसे, तसंच ते.

विजेच्या कामाला फिटरशिवाय कुणी हात लावायचा नाही असा साहेबांचा हुकूम होता. लोक प्रसादाला खाली बसले, साहेब घरी गेले, तेव्हा मी बोर्डाचा स्विच बंद केला, मागची फळी उघडली आणि शेवटच्या दिव्याची वायर तिसऱ्याला, तिसऱ्याची शेवटच्याला लावली. स्विच दिला. 'तीन' पेटला. त्या क्षणी मला जो आनंद झाला, सुखदेव, तो अर्ज मंजूर झाल्यावरही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाच नंबर सुरू केलं आणि दिवा लागला 'दोन'चा.

आता मला तुझा संताप यायला लागला. हा माणूस सगळ्याच वायरी उलट्यासुलट्या करून गेला, आणि गेला तो गेला, आम्ही इथं निस्तरतो आहोत! मी दार लोटलं आणि आणखी दोन वायरी फिरवल्या. पाचला 'पाच' लागला. दिवे सरळ कसे झाले ते साहेबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. उद्या चार नंबर सुरू होईल तेव्हा काय दिसेल, हे मी स्वतःला विचारलं नाही. चालू असलेल्या जिनचं नाव बरोबर दिसलं की बोर्ड दुरुस्त झाला, असं मी धरून चाललो. एका चुकीवर दुसरी चूक बसवून मी समोरची बाजू सरळ केली होती आणि मागची उद्ध्वस्त.

तू परत आलास बुधवारी. पांढरा सदरा, चेहरा उजळलेला. मला म्हणालास, "नारायण्या, तुले एक दिवस सारं बसून सांगीन." ते सांगणं राहिलं. त्या दिवशी नागपुरात तुझ्या आत काय झालं, हे तुझ्या तोंडून ऐकणारा मी पहिला माणूस असतो. मी तो दिवस नासवला.

ऑफिसात साहेब उभे होते. तू बोर्डाकडे एक नजर टाकलीस आणि लगेच म्हणालास, "साहेब, पाट्या फिरल्या हायेत. दिवे बरोबर हायेत."

"दिवे बरोबर? दोन दिवस आमचा तमाशा झाला, आणि म्हणे दिवे बरोबर!"

"दिवा मशीनपासून येते साहेब. पाटी माणूस लावते. बाबूजी, पूजेले उतरवल्या होत्या का?"

"उतरवल्या होत्या," मी म्हणालो. एवढं मी कबूल केलं. ते सोपं होतं, पूजेचा आडोसा होता.

तू हसलास. मोठ्या मनानं हसलास, हे मला विसरता येत नाही. "मंग झालं तं! दोन मिनिटांचं काम हाये." आणि तू पाट्या आपल्या क्रमानं लावल्यास. एक, पाच, सहा, दोन. वरच्या बाया जिन्यावर येऊन पाहत होत्या. हमाल दारात. साहेब म्हणाले, "करा तीन नंबर सुरू." वर मोटर घरघरली.

दिवा लागला 'सहा'चा.

कुणीतरी फिस्सकन हसलं. तुझा हात पाटीवर तसाच राहिला. तू पाच नंबर सुरू करायला सांगितलंस. 'चार'चा लागला. तुझं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं, आणि साऱ्या जिनसमोर ते चूक दिसत होतं. कारण पाट्यांचा बिघाड तू काढलास आणि माझा बिघाड मागे लपलेला होता.

"साहेब, मले मागची बाजू पाहू द्या."

"नाही. तुझाच हात लागलाय तिथं. आता पुन्हा नाही."

तू माझ्याकडे वळलास. "बाबूजी, मागं कोणी हात लावला का?"

माझ्या खिशात स्क्रू पिळायचं पेचकस होतं. मुठीत मी ते धरलं होतं. हुकूम मोडला म्हणून नोकरी जाईल, गावी परत जावं लागेल, बाप म्हणेल सांगितलं होतं ना, एवढं सगळं एका दमात मनातून गेलं. मी म्हणालो, "कोण लावणार?"

तू पुन्हा बोर्डाकडे वळलास. साहेब बोलले. नागपूरला जाऊन याचं डोकं फिरलं, काम सोडून सभा करायला हवी, असं पुष्कळ. त्यांना निमित्तच हवं होतं, ते मी ताटात वाढून दिलं. तुझ्याकडून किल्ल्या घेतल्या आणि तुला गाठी बांधायच्या प्रेसच्या खड्ड्यात रुई तुडवायला पाठवलं. फिटरला! आठ दिवस तू ती तुडवलीस. मी खिडकीतून पाहत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. भोंगा व्हायचा. तू फाटकाबाहेर पडायचास आणि वीस पावलांनंतरही 'बाबूजी' म्हणायचास. नवव्या दिवशी आला नाहीस. अमरावतीला जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याच्या दुकानात लागल्याचं मागाहून कळलं.

पुढच्या रविवारी मी चारही वायरी जागेवर लावल्या. तुझ्या क्रमाच्या पाट्यांनिशी बोर्ड एका फटक्यात बरोबर चालायला लागला. आजही चालतो आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली.

मला तुझ्यावर चिडायचं आहे, सुखदेव. तू माझी कॉलर का धरली नाहीस? तुला कळलं नव्हतं असं मला कुणी सांगू नये. वायर आपोआप जागा सोडत नाही हे तुझ्याहून जास्त कुणाला माहीत होतं? तुझ्यानंतर त्या फळीपाशी बसणारा मी एकटा होतो. मग एकदा शिवी द्यायची होतीस. भांडण झालं असतं, मी खोटं बोललो असतो, तू मला खोटं पाडलं असतंस, मोकळे झालो असतो. तू मला तेवढंही दिलं नाहीस.

गावात वीज आली आणि आमच्या विहिरीवरची मोटर पहिल्याच उन्हाळ्यात जळली, तेव्हा पुतण्या तुझ्याकडे ती घेऊन आला. तू ती भरून दिलीसच, वर बसवायला स्वतः वलगावला आलास. मी मुद्दाम सुट्टी काढून आलो होतो. विहिरीच्या काठावर तू उकिडवा बसून बोल्ट आवळत होतास. संत्र्याच्या झाडांना पाणी मिळालं नव्हतं, पानं वळली होती. पाणी सुरू झालं. तू हात धुतलेस आणि सहज विचारल्यासारखं विचारलंस, "थो बोर्ड मंग शेवटी दुरुस्त कसा झाला, बाबूजी?"

दार उघडून धरलं होतंस तू माझ्यासाठी. इतकं सताड.

मी म्हणालो, "एक वायर ढिली होती."

"असन," तू म्हणालास आणि पान्हे पिशवीत भरायला लागलास.

त्या 'असन'नं मला किती वर्षं छळलं! जेवताना, सही करताना, बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना. तू माझं खोटं ऐकून घेतलंस आणि माझ्याच हातात परत दिलंस. तरी माझी संत्र्याची झाडं आजवर जगली ती तू भरलेल्या मोटरीवर. तिला तुझ्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

तू गेल्याचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी मी अमरावतीला तुझ्या घरी आलो. वंदना झाली होती. सतरंजीवर माणसं दाटीनं बसली होती. तू ज्यांना काम शिकवलंस ते किती जण, सगळे रडत होते. मला तिथं रडायची लाज वाटली. गयावहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी होत्या. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वायरी, पेचकस, विहीर. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे मले काहून सांगता? बोर्ड त्याईचा बरोबर होता, हे मले त्याच दिवशी माहीत होतं. त्याईनं घरी येऊन एवढंच सांगतलं होतं."

"चुकलं माझं, वहिनी."

"माह्यापाशी चुकलं नाई तुमचं. साऱ्या जिननं त्याईले हासलं. आता साऱ्या जिनले आइकू द्या. मंग या जेवाले."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण मी पाणी न पिता निघालो. प्या म्हणून त्यांनीही म्हटलं नाही.

सोमवारी जेवणाचा भोंगा झाल्यावर मी नव्या मॅनेजरांची परवानगी घेतली. ते तरुण आहेत, त्यांना काय प्रकरण आहे ते कळलं नाही, नुसते 'हो' म्हणाले. मी हॉलमधल्या बायांना, हमालांना, प्रेसवरच्या माणसांना ऑफिससमोर बोलावलं. त्या दिवशीचे निम्मे तरी अजून आहेत. द्वारकाबाई केसांतली रुई झटकत आली. "काय बाबूजी, बोनस वाटून राहिले का?"

"नाही," मी म्हणालो, "सुखदेव फिटर गेला."

मी तुझी गोष्ट सांगितली, इथं लिहिली तशीच, पण फार वाईट रीतीनं. पुढचं मागं होत होतं. पाट्यांपर्यंत लोक मान डोलवत होते. मागची फळी कुणी उघडली ते सांगितलं तेव्हा प्रेसवरचा म्हातारा रहीमभाई खाली बघायला लागला. तुझ्याबरोबर तोच खड्ड्यात रुई तुडवायला होता.

द्वारकाबाई म्हणाली, "म्हंजे आमी हासलो थे फुकटच हासलो? त्या माणसाच्या तोंडावर?" मग माझ्याकडे बघून, "दहा वर्स लागले तुमाले, बाबूजी? जिवंत होता तवा तोंडात काय रुई कोंबली होती?"

मी टोपी काढली. बाबूच्या भाषेत बोलायला गेलो तर पुन्हा काहीतरी आड धरीन अशी भीती वाटली, म्हणून आपल्या भाषेत बोललो.

"तुमी साऱ्याईनं त्या दिवशी त्याले हरलेला पायला. थो हरला नव्हता. त्यानं मले सरळ विचारलं अन् म्या तोंडावर खोटं सांगतलं. भेलो होतो. त्याची फिटरकी म्या घालवली, अन् त्याच्याच कामाची शाबासकी माह्या पाठीवर घेतली. थो मले भेटला तवा तवा म्या त्याले पुन्हा खोटं पाडलं. सुखदेव, लय उशीर केला मी. चुकलो राज्या, माफ कर मले."